न बसलेला शह

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे असं कुणी म्हटलं की माझी कानशिलं तापतात, मग समोर विद्यार्थी असो, नवरा असो नाहीतर सख्खा बाप. ग्वाल्हेरला नई सडकेवर कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये मी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत होते, आणि पोरांना रोज सांगायची की यंत्र चुकत नाही, आपण चुकतो. हे वाक्य मी स्वतःला कधी लावून पाहिलं नाही. ही गोष्ट सांगायची मला लाज वाटते, म्हणून इतकी वर्षं सांगितली नाही.

बाबा खासगी बाजारात राहायचे, भाड्याच्या तीन खोल्यांत, दादा-वहिनीबरोबर. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, राज्य सरकारच्या नोकरीत. माझं सासर नया बाजारात, चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे क्लास सुटला की मी रोज संध्याकाळी तिकडे डोकावायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांचा दिवस ठरलेला होता: सकाळी वाचनालय, दुपारी झोप आणि चार वाजता बुद्धिबळ. समोर त्यांचे कचेरीतले जुने मित्र, त्यांना आम्ही काका म्हणायचो.

हे बुद्धिबळ स्पर्धेत खेळतात ते नव्हे. आमच्या लष्कर भागातल्या दक्षिणी, म्हणजे मराठी, घरांत जे चालायचं, ते देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की ज्याच्या घरात पोचलं ते मोहरं होतं, म्हणजे घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती, आणि राजाच्या घरात पोचलं तर वजीर. सगळ्यात महत्त्वाचा नियम राजाचा. राजाला पूर्ण डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मारता येते, पण त्याआधी त्याला एकदाही शह बसलेला नसला पाहिजे. एकदा शह बसला की उडी गेली. बाबा आणि काका अख्खा डाव त्या एका उडीभोवती खेळायचे. एक ती जपायचा, दुसरा फालतूतला शह देऊन ती मारायला बघायचा.

हा खेळ दोघं कचेरीत शिकले होते. मध्य भारत नावाचं राज्य होतं तेव्हा दोघं तिथे नवे कारकून होते. मग राज्यांची पुन्हा मांडामांड झाली, मध्य प्रदेश झाला आणि कचेरी भोपाळला निघाली. फायली ट्रकमध्ये चढल्या, त्यांच्या मागोमाग माणसंही चढली. हे दोघं काही चढले नाहीत. बाबांनी इथल्याच एका शाळेत लेखनिकाची नोकरी धरली, काकांनी काहीतरी तसंच केलं. "फायलींना पाय नसतात, न्याव्या लागतात. आपल्याला पाय आहेत, म्हणून थांबता येतं," असं बाबा म्हणायचे. ग्वाल्हेर न सोडणं ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव बंडखोरी, आणि तिचा त्यांना केवढा अभिमान होता.

काका एका थंडीत गेले. त्यानंतर बाबा चार वाजता पट मांडायचे आणि तसेच बसून राहायचे. मला ते बघवेना. मी क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर उचलून आणला, त्यावर बाजारात मिळणारा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम टाकून दिला. यंत्राने पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पुढे टाकलं. बाबा उठले आणि चहा करायला गेले. "हा कुठला परका आणलास? याच्याशी माझं काय बोलणं होणार?" म्हणाले.

मग मी ठरवलं की आपणच लिहायचं. नियम बाबा सांगणार, मी लिहिणार. ते तीन-चार महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले महिने होते, तेव्हा कळलं नाही एवढंच. बाबा खुर्चीत ताठ बसून कचेरीतल्यासारखे नियम उतरवून द्यायचे, कलम एक, कलम दोन. मी ते यंत्राला समजावायचे, आणि दुसऱ्या दिवशी बाबा खेळून चुका काढायचे. इतका खडूस तपासनीस मला पुढे कुठल्याही कंपनीत भेटला नाही. एकदा त्यांचं प्यादं राजाच्या घरात पोचलं आणि तो अपवाद मी लिहायला विसरल्यामुळे यंत्राने त्यांना वजिराऐवजी दुसरा राजाच देऊन टाकला. बाबा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "अगं, इथे एक होता तोसुद्धा विलीन झाला. तू दोन-दोन कुठून आणलेस?" तो किस्सा त्यांनी वाचनालयात आठवडाभर सांगितला.

त्या चुका मी आनंदाने दुरुस्त केल्या, कारण त्या डोळ्यांनी दिसत होत्या. पटावर दोन राजे म्हटल्यावर वाद घालायला जागाच नव्हती.

त्याच वर्षी छत्तीसगड वेगळं व्हायचं ठरलं आणि सरकारी नोकरांची वाटणी सुरू झाली. कोण इकडे, कोण तिकडे, याच्या याद्या लागायच्या. दादाने अर्ज केले, ओळखी काढल्या, काही उपयोग झाला नाही. त्याचं नाव तिकडच्या यादीत आलं. रायपूर. वहिनी दोन दिवस जेवली नाही. आणि बाबांनी तिसऱ्या दिवशी जाहीर करून टाकलं, "मी येणार नाही. तेव्हा गेलो नाही, आता काय जाऊ? तुम्ही खुशाल जा, मला वरणभात येतो."

आता प्रश्न एवढाच होता की बाबा एकटे राहू शकतील का. सत्तरी ओलांडलेली, पण तब्येत चांगली. गॅस बंद करायचे, दूधवाल्याला आठवणीने ओरडायचे, वाचनालयाची पुस्तकं वेळेवर परत करायचे. दादा मला म्हणाला, "देख, मी तर दिवसभर ऑफिसात असतो. तू रोज त्यांच्याबरोबर बसतेस. तूच सांग, ठीक आहेत ना? तू हो म्हणालीस तर राहू दे त्यांना इथे. मग बघायचं मात्र तुलाच आहे." मी म्हटलं, विचार करून सांगते.

आणि नेमकं त्याच दिवसांत ते सुरू झालं. बाबांनी राजाची उडी मारली की यंत्र कधीकधी नाही म्हणायचं. पडद्यावर मी रोमन अक्षरांत लिहून ठेवलेला निरोप यायचा: शह बसून गेला आहे, उडी मिळणार नाही. पहिल्यांदा बाबांनी मला हाक मारली. "हे काय म्हणतंय? मला शह बसलेलाच नाही."

मी आले, प्रोग्रॅमच्या आत शिरून पाहिलं. राजाला शह बसला की प्रोग्रॅम एक खूण करून ठेवायचा, शून्याचा एक. तिथे एक होता. मी म्हटलं, "बसलाय बाबा. इथे नोंद आहे."

"कधी?"

"आता ते मला काय माहीत? बसला असेल मधे केव्हातरी. तुमच्या लक्षात नाही राहिलं."

दुसऱ्या दिवशी उडी मिळाली, सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही. कधी हो, कधी नाही, त्यामुळे मला प्रोग्रॅमचा संशयही आला नाही. चुकीचा असता तर रोज अडला असता, असं मी स्वतःला सांगितलं. हे मी, सी शिकवणारी बाई, सांगत होते. अधूनमधून उगवणारी चूक सगळ्यात वाईट, हे मी स्वतः फळ्यावर लिहून दिलेलं होतं.

बाबा भांडले, अगदी नेटाने भांडले. "हा डब्बा बेइमान आहे. मी शह विसरेन? पन्नास वर्षं खेळतोय मी." आणि एका संध्याकाळी, क्लासमध्ये कुणाशी तरी वाजलं होतं म्हणून मी आधीच पेटलेली होते, मी आवाज चढवला. म्हटलं, "बाबा, यंत्राला खोटं बोलून काय मिळणार आहे? तुम्हाला आठवत नाही, तर आठवत नाही म्हणा ना. त्यात कमीपणा कसला?"

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "असेल," म्हणाले. "मला नसेल आठवत."

त्या 'असेल'वर मी जिंकल्यासारखी घरी गेले.

त्यानंतर ते भांडले नाहीत. उडी नाकारली की मान हलवायचे आणि दुसरी चाल करायचे. मग हळूहळू मला विचारायला लागले, "आज मला शह बसलाय का गं?" आधी डावाबद्दल विचारायचे, नंतर इतर गोष्टींबद्दलही. मी दार लावलं का, दूधवाल्याला सांगितलं का. दार लावलेलं असायचं, दूधवाल्याला सांगितलेलं असायचं, तरी ते उठून परत बघायला जायचे. मला हे दिसत होतं आणि मी त्याचा अर्थ मला सोयीचा तोच लावला.

सोयीचा म्हणजे काय, तेही सांगते, आता लपवून काय करू. बाबा इथे एकटे राहिले असते तर मला रोज सकाळ-संध्याकाळ धावावं लागलं असतं. घरी सासूबाईंचे गुडघे, मुलीची दहावी, क्लास. मी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण आतून मला वाटत होतं की बाबा दादाबरोबर गेले तर बरं. म्हणून दादाने पुन्हा विचारलं तेव्हा मी त्याला गच्चीवर नेलं आणि सांगितलं, "बाबा विसरायला लागलेत. खेळताना दोन मिनिटांपूर्वीचं आठवत नाही. माझ्याकडे नोंदी आहेत." दादाचा चेहरा उतरला. "नोंदी आहेत म्हणजे मग काय राहिलं," तो म्हणाला.

बाबांना त्याने सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. मला वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तूसुद्धा असंच म्हणतेस?" मी म्हटलं, "तुमच्या काळजीने म्हणते, बाबा." ते म्हणाले, "बरं. चला तर मग. डोकंच चालेनासं झालं तर एकट्याने राहायचा हट्ट कशाला?"

खोल्या घरमालकाला परत दिल्या. महिन्याभरात तिथे चपलांच्या दुकानाचं गोदाम झालं. बाबांनी वाचनालयाचं कार्ड परत केलं आणि स्टेशनवर मला म्हणाले, "त्या यंत्राला नीट झाकून ठेव, धूळ फार आहे."

कॉम्प्युटर माझ्या घरी आला. तीन-चार महिने मी त्याला हात लावला नाही. मग एका दुपारी, मुलगी शाळेत, सासूबाई झोपलेल्या, मला बाबांची इतकी आठवण आली की मी तो सुरू केला आणि त्यांच्या जागी बसून डाव मांडला. मी काही चांगली खेळत नाही. दहा-बारा चालींत अडचणीत आले, म्हटलं, चला, उडी मारू. निरोप आला: शह बसून गेला आहे, उडी मिळणार नाही.

मला शह बसला नव्हता. दहा-बारा चाली तर होत्या, त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी मोठ्याने म्हटलं, "कधी बसला?" आणि माझाच आवाज मला बाबांसारखा वाटला.

चूक सापडायला अर्धा तास लागला. यंत्र आपली चाल ठरवताना मनातल्या मनात पुढच्या चाली खेळून बघतं; हे मी त्याला अगदी शेवटी शिकवलं होतं. मी हे केलं तर काय, तो ते करेल तर काय. हे सगळं ते त्याच पटावर करतं आणि मग मोहरी परत जागेवर ठेवतं. मी मोहरी परत ठेवायला शिकवलं होतं. पण मनातल्या मनात खेळताना समोरच्या राजाला शह बसला की ती खूणही व्हायची, आणि ती पुसायला मी शिकवलंच नव्हतं. म्हणजे यंत्राने नुसता विचार केला की आपण शह देऊ शकू, आणि पटावर कधीच न बसलेला शह बाबांच्या नावावर लागला. ज्या डावात त्याला तसा विचार सुचला नाही, त्या डावात उडी मिळाली. एवढंच होतं. एक ओळ राहिली होती.

पण खरी लाज त्या ओळीची नाही. चुका सगळ्यांच्या होतात. प्रोग्रॅम प्रत्येक डावाच्या चाली साठवून ठेवायचा, ती सोय मीच केली होती. ज्यांना मी दादासमोर नोंदी म्हटलं, त्या मी उघडून एकदाही पाहिल्या नव्हत्या. मी फक्त खूण पाहिली होती. त्या दुपारी मी उडी नाकारलेला एकेक डाव काढला आणि लाकडी पटावर चालीगणिक मांडून पाहिला. एका डावात शह खरंच बसला होता, आणि त्या डावात बाबांनी उडी मारून बघून लगेच "हां, बसला होता" म्हटलेलं मला आठवलं. बाकी एकातही नाही. बाबांना सगळं आठवत होतं. प्रत्येक डाव, प्रत्येक चाल. सासूबाई उठून चहाला हाका मारत होत्या आणि मला उठवेना.

आणि मग तरी मी काय केलं? ती ओळ लिहिली, प्रोग्रॅम नीट केला आणि गप्प बसले. दर रविवारी रायपूरला फोन लावायचे, बाबांना विचारायचे, कसे आहात, जेवलात का, आणि ठेवून द्यायचे. प्रत्येक रविवारी ठरवायचे की आज सांगते. शेवटी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "अब क्या? घर गेलं. आता उकरून काय करतेस?" आणि थोड्या वेळाने म्हणाला, "इथे डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. बाबांचाच विश्वास बसत नाही."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रायपूरला गेले, दुरुस्त प्रोग्रॅम घेऊन. बाबा दार उघडायला आले नाहीत. आता ते दार उघडत नाहीत, वहिनी म्हणाली, कोण आलंय ते ओळखायला चुकेन म्हणतात. औषध वहिनी हातात देते. बाहेर एकटे जात नाहीत. खिशात एक कागद, त्यावर पत्ता, स्वतःच्या वळणदार अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. चूक माझी होती. तुम्हाला शह बसला नव्हता. तुम्ही बरोबर होता, दर वेळी. मी पाहिलं नाही, आणि तुमच्यावर ओरडले, आणि दादाला खोटं सांगितलं. मला रडू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे, असू दे. एवढं काय त्यात?" मला हलकं वाटलं. पण मी हात धुवायला गेले तेव्हा ते वहिनीला हळूच सांगत होते, "फार गुणी आहे ती. माझं मन राखायला सगळं स्वतःवर घेते."

मी हट्टाने दादाचा कॉम्प्युटर लावला. म्हटलं, खेळून बघा, तुम्हीच बघा. ते बसले. आधी चाचरत, मग खेळात शिरले. आणि काय सुरेख खेळले. यंत्राने शह द्यायला दोनदा टपून पाहिलं, दोन्ही वेळा त्यांनी आधीच ओळखून वाट बंद केली. उडी जपत होते, मी बघत होते. शेवटी राजा कोपऱ्यात सापडला. सुटायला एकच वाट होती आणि ती मलासुद्धा दिसत होती.

"बाबा, उडी मारा. तुमची उडी आहे अजून."

त्यांनी पडद्यावरची नजर माझ्याकडे वळवली. "मला शह नाही बसला?"

"नाही. एकदाही नाही. सगळ्या चाली दाखवू का?"

"नको." ते थोडं हसले. "तू म्हणतेस म्हणजे नसेलही. पण मला खात्री नाही गं. उगाच नियम मोडायला नको."

त्यांनी राजा एक घर बाजूला सरकवला. पुढच्या चालीला यंत्राने मात केली. बाबांनी मान हलवली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चांगलं चालतंय आता. कुठे अडलं नाही."